जेवला का बापू?

भूत, आत्मा, करणी... असलं काही कोणी सांगायला लागलं की मी सरळ उठून जायची. वडील जवाहरनगरच्या फॅक्टरीत, बालपण सगळं क्वार्टरमध्ये गेलं. घरात देव्हारा होता, पण अंगात येणं वगैरे नाही. तरीही हे लिहितेय, कारण मनात ठेवून ठेवून आता त्रास व्हायला लागलाय.

साकोलीतल्या एका छोट्या रेडिओ केंद्रात मी साउंड सांभाळते. दुपारी आमचा फोन-इन कार्यक्रम असतो, ‘खरडपट्टी’. निवेदक मनोहरभाऊ. माणूस एक नंबरचा तोंडाळ! कोणी म्हटलं, "भाऊ, धानावर कीड आली," की हा म्हणणार, "औषध दुकानदाराले विचारून मारलं ना? मंग त्यालेच फोन लाव, मले कायले लावतेस?" आणि लोकांना तेच हवं असायचं. धानाच्या बांधीत रोवणी करणाऱ्या बायासुद्धा कडेच्या धुऱ्यावर रेडिओ ठेवून खिदळायच्या.

सानगडीकडच्या सगुणाबाई रोज फोन करायच्या. प्रश्न एकच — "जेवला का बापू?"

"तुले काय करा लागते म्हातारे? तू जेव आधी!"

"आता जेवतो बापा," म्हणून त्या खुशीत फोन ठेवायच्या. त्यांची सून फोनवर सांगायची, रागावून घेतल्याशिवाय म्हातारी ताटावर बसतच नाही.

एक दिवस भाऊ घरून भांडून आला होता. सगुणाबाईंनी "जेवला का..." एवढंच म्हटलं आणि त्यानं लाइन कापली. एक शब्द नाही बोलला. त्यानंतर त्यांचा फोन आलाच नाही. भाऊ रोज मला विचारायचा, "म्हातारीचा लागला का वो?" मला त्याची दया यायची.

मग एका दुपारी, कार्यक्रमाच्या जरा आधी, त्यांच्या मुलाचा फोन आला. "भाऊ, आई गेली. आज दहावं हाय. तलावावर कवापासून बसलो, कावळा शिवूनच नाही राहिला. नातीचं लग्न करून देऊ म्हटलं, गाय नाही विकत म्हटलं... मंग बहीण म्हणे, रेडिओ लावा. पिंडापाशी ठेवला हाय. तुमी बोला फक्त." एवढं बोलून फोन कट.

आणि नेमकी लाइट गेलेली! इन्व्हर्टरवर आमचा फोन आणि एक दिवा चालतो, ट्रान्समीटर नाही. मी परत फोन लावला, लागेना. भाऊला हातानं खूण केली, काहीच बाहेर जात नाहीये. त्यानं तरी हेडफोन घातला. माइक मेलेला, मीटरचा काटा शून्यावर. भाऊ अगदी हळू बोलला, "माफ कर माय... जेवलो मी." मग टेबलावर डोकं टेकून रडायला लागला. त्याला रडताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

संध्याकाळी मुलाचा पुन्हा फोन. आवाजात समाधान होतं. "भाऊ, काय रागावले तुमी! ‘जेव ना गे म्हातारे, नखरे कायले करून राहिली?’ म्हटल्याबरोबर कावळा आला ना. तलावावरच्या समद्यायनं आयकलं."

भाऊनं माझ्याकडे पाहिलं.

मी नंतर खूप चौकशी केली. सानगडीतलाच एक शिंपी म्हणाला, त्या वेळी त्याच्या रेडिओवर नुसती खरखर होती. आमच्याकडे तर दुपारभर लाइट नव्हती. मग तलावावर कोण बोललं, तेही भाऊच्या आवाजात?

भाऊ आता लोकांना पूर्वीसारखाच झाडतो. फक्त रोज कार्यक्रमाच्या आधी, माइक बंद असतानाच, हेडफोन कानाला दाबून हळूच म्हणतो, "जेवलो गे म्हातारे." मग थोडा वेळ कान देऊन ऐकतो... आणि हसतो.

दुसरा हेडफोन माझ्यासमोरच असतो. तो उचलून कानाला लावायची माझी अजून हिंमत झालेली नाही.