आणेवारीला गरीब, दाखल्याला श्रीमंत

मी आणि माझ्या बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे विहिरीचा दोर वळणं. त्या दुष्काळात पाणी इतकं खाली गेलं होतं की जुना दोर पुरेना. बादली पाण्याच्या वर हातभर नुसती लोंबकळायची. केकताडाच्या पातीचा वाख, म्हणजे धागा, काढून वाळवून ठेवला होता. बाजारच्या दिवशी दुपारी लिंबाखाली बसलो. दोर एकट्यानं वळता येत नाही. एकानं टोक धरायचं, दुसऱ्यानं पीळ देत मागं सरकायचं. तिनं टोक धरलं, मी सरकत सरकत गोठ्यापर्यंत गेलो.

"नीट धर की, ढिल्लं पडतंय," मी ओरडलो.

"धरलंय. तुमीच वाकडं जाताय. सरळ चालला हाय का कवा जल्मात?"

दोर झाला तेव्हा तिच्या हाताकडं माझं लक्ष गेलं. तळव्याला फोड, दोन-तीन फुटलेले.

"हाताला काय झालं गं?"

"केकताडानं कापलं."

केकताडाच्या पातीनं चिरा पडतात, रसानं खाज सुटते. असे फोड येत नाहीत. सारा जन्म केकताड सोलण्यात गेलेल्या माणसाला हे कळत नव्हतं असं नाही. पण मी पुढं विचारलं नाही. विचारलं असतं तर पोरीच्या फीचा विषय निघाला असता, आणि तो मला नको होता.

माझी शाळा चौथीपर्यंत. अक्षर वाकडं आहे. पण हे दुसऱ्याकडून लिहून घ्यायचं नाही असं ठरवलंय, कारण दुसरा माणूस ते गोड करून लिहील.

आमची धाकटी पोर नगरला कॉलेजात होती, दुसऱ्या वर्षाला. भावकीतली कॉलेजात गेलेली पहिलीच. तिला पाठवलं ते आईनं. मी नाही म्हणत होतो असं नाही, पण हो म्हणायला तीन महिने घेतले. पहिल्या वर्षाची फी पिकातून भागली. दुसऱ्या वर्षी पीकच नव्हतं.

गावातल्या शाळेच्या गुरुजींनी पारावर बसून सगळं समजावून सांगितलं होतं. ज्याचं उत्पन्न कमी, त्याच्या पोराची फी सरकार माफ करतं, त्याला ईबीसी म्हणायचं. त्याशिवाय एक कर्जाऊ शिष्यवृत्ती असते. ती नोकरी लागल्यावर फेडायची, आणि शिकून मास्तर किंवा मास्तरीण झाली तर नोकरीच्या दर वर्षाला त्यातला थोडा थोडा भाग सोडून देतात. दोन्हीला कागद एकच लागतो. तलाठ्याचा उत्पन्नाचा दाखला, आणि त्यावर पाथर्डीच्या मामलेदाराचा शिक्का.

माझा चुलतभाऊ तिथंच होता. माझ्याहून लहान, पण जीभ मोठी. तो म्हणाला, "माफ म्हंजे कुनाच्या खिशातनं, गुरुजी? आमी शेतसारा भरायचा, आन् दुसऱ्याच्या पोरी नगरात कालेज करनार व्हय?"

"पैसा सगळ्यांचा, तसा फायदा पण सगळ्यांचा," गुरुजी म्हणाले. "उद्या ती मास्तरीण होऊन इथं आली तर तुमच्याच नाती शिकतील."

"इथं कशाला येतीया? नवऱ्याच्या गावाला जाईल. पैसा आमचा आन् पगार सासऱ्याला! आमच्या नाती शेळ्या राखत्यात, त्येच बरं."

"शेळ्या कमीत कमी दूध देत्यात," कुणीतरी मागून म्हणालं, आणि पार हसला.

मीही हसलो. माझ्याच पोरीवरचा विनोद, आणि मी हसलो.

दुसऱ्या दिवशी चावडीत गेलो. तलाठी भाऊसाहेब चांगला माणूस होता. त्यानं खालच्या आवाजात सांगितलं, "बाबा, तुमचं उत्पन्न मर्यादेच्या आत बसतंय. खोटं काही लिहावं लागत नाही. तसा देतो दाखला."

पण चुलतभाऊ आपल्या उताऱ्यासाठी आलेला. त्याच्याबरोबर भावकीतले आणखी चार जण. तो म्हणाला, "लिवा भाऊसाहेब, लिवा. दादा गरीब झालं. आमच्या भावकीतला पयलाच गरिबीचा दाखला, जरा चांगल्या अक्षरात लिवा."

माझं डोकं फिरलं.

"गरीब कुनाला म्हनता?" मी म्हणालो. "बारा एकर हाय. बैलजोडी हाय. विहीर हाय."

"अहो बाबा, पण विहिरीला पाणी…"

"हाय पानी! काय हाय ते लिवा."

भाऊसाहेबानं माझ्याकडं बघितलं, मग चुलतभावाकडं बघितलं, आणि मी सांगितलं तसं लिहिलं. ज्या विहिरीत बादली पाण्याला टेकत नव्हती तिच्यावर भिजणारी चार एकर लिहिली. त्यानं वाचून दाखवलं. मी मिशीवरून हात फिरवला आणि सही केली. चुलतभाऊ गप्प बसला. तेवढ्यासाठी मी पोरीचं वर्ष विकलं.

महिन्याभरानं कॉलेजचं पत्र आलं. सवलत नामंजूर, कर्जाऊ शिष्यवृत्तीचा अर्जही नामंजूर, दाखल्याप्रमाणे उत्पन्न जास्त आहे. सगळी फी परीक्षेच्या आधी भरा, नाहीतर नाव कमी होईल. नवा दाखला असेल तर या महिनाअखेरपर्यंत जोडा. पत्र बायकोनं गुरुजींकडून दोनदा वाचून घेतलं. तिला वाचता येत नव्हतं, पण एकदा ऐकलेलं ती विसरत नसे.

"महिनाअखेरपतुर वेळ हाय," ती म्हणाली. "चावडीत जा आन् खरं काय ते सांगा."

"आता जाऊन काय सांगू? खोटं बोललो म्हनून?"

"व्हय. त्येच सांगा."

"भावकी थुकंल तोंडावर."

तेव्हा ती जे बोलली ते अजून कानात आहे. त्याच साली सर्कल साहेब आणेवारीला गावात आला होता. पीक किती आणे आलं ते तो बघतो, आणि फारच कमी निघालं तर सारा माफ होतो. आमच्या गावाची जुनी रीत आहे. साहेब आला की त्याला सगळ्यात वाईट वावराच्या सगळ्यात वाईट कोपऱ्यात न्यायचं आणि सगळ्यांनी एका सुरात रडायचं. चुलतभाऊ तर डोळ्याला उपरणं लावायचा. तो वाईट कोपरा त्या साली माझ्याच वावरातला होता. मीच पुढं होऊन हात जोडले होते. तशी त्या साली रडण्याची गरजही नव्हती, उभ्या गावात हिरवं पान नव्हतं. पण सवय.

"आनेवारीला सर्कलच्या पायाशी वाकला हुता," ती म्हणाली. "साहेब, कायबी न्हाई वो, खायाला दाना न्हाई. तवा कुटं गेल्ती मिशी?"

"तवा सगळं गावच म्हनत हुतं."

"मंग आता एकल्यानं म्हनायला काय हुतंय? का सारा माफ झाला तर मर्दपना, आन् फी माफ झाली की भीक?"

मी जेवण अर्धं टाकून पितळीवरून उठलो.

फीसाठी बैल विकायला बाजारात नेले, ते तसेच चालवत परत आणले. चारा नाही तर बैल कोण घेतो? मग ती फीचं बोलायचीच थांबली. मला वाटलं, समजली. बायको गप्प झाली की समजली असं समजणारा मूर्ख मी एकटा नसेन.

त्यानंतर ती शेजारच्या गावी बहिणीकडं जायला लागली. बहिणीचे गुडघे धरलेत, हाताखाली कुणी नाही, म्हणायची. उजाडता जायची, दिवस मावळताना यायची. येताना तोंड काळं पडलेलं, पदराला धूळ. मी म्हणायचो, "बहिनीचं घर सारवतीस का रस्ता बांधतीस?" ती म्हणायची, "दोनी."

त्याच दिवसांत माझा दगड फोडायचा हातोडा हरवला. बापाच्या हातचा, दांड्याला लोखंडी कडी मारलेला. मी चुलतभावावर आळ घेतला. त्याच्या दारात उभा राहून शिव्या दिल्या. ती घरातून ऐकत होती.

दोर वळला त्याच्या दुसऱ्या दिवशी ती तशीच उजाडता गेली. दुपार कलली तेव्हा बैलगाडीतून चार बायका तिला घेऊन आल्या. ऊन लागलं होतं. अर्ध्या वाटेतच जीव गेला होता. त्या बायकांना ते ठाऊक होतं, तरी एकजण ओल्या फडक्यानं तिचं तोंड पुसत होती.

त्या चौघींतली वयस्क बाई माझ्याशी बोलली. तिला वाटलं मला सगळं माहीत आहे.

"लई सांगितलं, सावलीला बस. म्हनली, एवढा खडीचा ढीग पुरा करते, पोरीच्या परीक्षेच्या आधी भागलं पायजे."

"कसली खडी?" मी विचारलं.

बाईनं बाकीच्या तिघींकडं बघितलं. मग तिनं सांगितलं. दुष्काळी कामावर, तिकडच्या रस्त्याला, पंधरा दिवस झाले. "मस्टरवर म्हायेरचं नाव लावलं हुतं तिनं. म्हनायची, सासरचं लावलं तर आमच्या मालकाची मान खाली जाईल."

असं म्हणून तिनं गाडीतून हातोडा काढला आणि माझ्या पायापाशी ठेवला. दांड्याला लोखंडी कडी होती.

लोक म्हणतात, दुष्काळानं गेली. उन्हानं गेली म्हणतात. देवाची मर्जी म्हणतात. मला त्या प्रत्येकाच्या तोंडात मारावंसं वाटतं. आमच्या शेजारच्या कितीतरी घरच्या बायका उघड उघड त्या कामावर जात होत्या, आपल्या माणसांत बसत होत्या, चक्कर आली तर पाणी मागत होत्या. ही एकटी अनोळखी गावच्या बायकांत, तोंडावर पदर ओढून, कुणी ओळखू नये म्हणून सावलीतसुद्धा बसत नव्हती. ते दुष्काळानं केलं नाही. मी केलं. आणि पारावर हसणाऱ्यांनी केलं. ज्यांना साऱ्याची माफी हक्काची वाटते आणि पोरीच्या फीची माफी भीक वाटते, त्या सगळ्यांनी मिळून केलं.

दिवस मावळायच्या आत तिला पोचवलं. नगरच्या गाडीवाल्याबरोबर निरोप धाडला होता, पोर रात्रीच्या गाडीनं आली. तिला आईचं तोंड दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात भावकी बसलेली. पोरीनं डोक्याला फडकं बांधून चूल पेटवली होती. दुःखाच्या घरी शेजारची भाकरी येते, तरी तिनं पेटवली. माझी थोरली भावजय तिच्याजवळ होती. मी ओसरीवर होतो, मला सगळं ऐकू येत होतं.

"मी आता नाही जाणार, काकी," पोर म्हणाली. "आण्णांना भाकरी कोण करील? नाहीतरी नाव कमीच होणार आहे."

चुलतभाऊ बाहेरून म्हणाला, "शानी पोर हाय."

मी उठलो. महिनाअखेरीला अजून चार दिवस होते. डोक्याला काही नाही, पायात काही नाही, कालच्याच धोतरावर निघालो.

"दादा, कुटं?" चुलतभाऊ मागं आला. "सुतक हाय. चावडीत पाय ठिवू ने."

"न्हाई ठिवत."

चावडीच्या पायरीखाली रस्त्यावर उभा राहिलो. भाऊसाहेब दप्तर सोडून दारात आले. "बाबा, तुम्ही कशाला आलात? निरोप दिला असता तर मीच आलो असतो."

आत जाता येत नव्हतं, म्हणून हळू बोलता येत नव्हतं. पहिल्या वेळी भाऊसाहेब कुजबुजले होते, तेव्हा मी ओरडलो होतो. आता ओरडायचंच होतं. बाजूच्या दुकानाची फळी उघडी होती. पाण्याला निघालेल्या बाया थांबल्या. पारावरचे उठून जवळ आले. चुलतभाऊ माझ्या मागंच उभा होता.

"भाऊसाहेब," मी म्हणालो, "मागचा दाखला खोटा हाय. माज्या विहिरीला पानी न्हाई. चार एकर भिजत न्हाई, चार वाफं बी भिजत न्हाईत. माजी बायको दुसऱ्याच्या गावात खडी फोडत हुती. मी गरीब हाय. लिवा."

कुणी हसलं नाही. हसले असते तरी मी हललो नसतो.

भाऊसाहेब आत गेले आणि लिहायला लागले. बराच वेळ लागला. मी उन्हात उभा राहिलो. दुकानदारानं हाक मारली, "बाबा, फळीखाली सावलीला या." मी गेलो नाही.

त्यांनी कागद आणला.

"मोठ्यानं वाचा," मी म्हणालो.

त्यांनी वाचला. मी मागं वळून चुलतभावाकडं बघितलं. तो खाली बघत होता.

सुतकातल्या माणसाच्या हातात हात लागू नये म्हणून भाऊसाहेबांनी कागद आणि टाक पायरीवर ठेवला. मी वाकलो, पायरीवरच सही केली. मग मामलेदाराचा शिक्का घ्यायला, तसाच अनवाणी, पाथर्डीच्या गाडीसाठी फाट्याकडं चालू लागलो.