नर्सच्या हातांचा पुरस्कार

गेल्या वर्षी मी एकोणचाळीस सिनेमे थेटरात जाऊन पाहिले. त्यातले एकतीस मैत्रिणीबरोबर. ती माझ्याच शाळेत हिंदी शिकवायची, मी भूगोल. शनिवारी शाळा सकाळची. साडेअकराला घंटा झाली की मी तिच्या स्कूटीवर मागं बसायचे आणि आम्ही बाराचा शो गाठायचो. बावीस वर्षं हा शिरस्ता मोडला नव्हता. ती माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. माहेर कर्नाटकाच्या सीमेवरचं, नेसरीकडचं, म्हणून पहिल्या दिवसापासून मला अक्का म्हणायची. मला सख्खी बहीण नाही. ती हाक मला फार आवडायची, हे आता लिहितानाही राग येतो.

डिसेंबर संपत आला की आम्ही पुरस्कार द्यायचो, म्हणजे माझ्या घरी बसून एका दोनशेपानी वहीत लिहायचो. अक्षर माझं, बोलणं दोघींचं. कुठल्या गोष्टीला पुरस्कार द्यायचा, हे त्या त्या वर्षाचे सिनेमेच ठरवायचे. एका वर्षी सगळ्यात कडक इस्त्रीच्या शेतकऱ्याचा पुरस्कार तिघांत वाटून द्यावा लागला. एका ऐतिहासिक सिनेमात संगणकावर पन्हाळा इतका उभा काढला होता, की भूगोलाची बाई म्हणून त्या कड्याला मी स्वतंत्र पुरस्कार दिला. खऱ्या कोल्हापुरी बोलीचा पुरस्कार मात्र दरवर्षी कोराच राहायचा. सिनेमातली कोल्हापूरची बाई दर वाक्यात शिवी देते, तांबडा रस्सा ओरपते आणि वर 'मी जाते' म्हणते. आमच्याकडे बाई 'मी जातो' म्हणते. माझी मैत्रीण तसंच बोलायची. वर्गात हिंदी शुद्ध, आणि स्टाफरूममध्ये आली की, "अक्का, मी चाललो च्या प्यायला, येतीस का?"

दोन वर्षांपूर्वी तिच्या मुलीनं तिला मोबाइलवर सिनेमाच्या गप्पांचं चॅनेल काढून दिलं. मला आनंदच झाला होता. पहिल्या कितीतरी भागांचे मुद्दे आम्ही थेटराच्या पायऱ्यांवर बसून काढले. मोबाइलपुढे उभी राहिली की ती 'मी जाते, मी पाहते' म्हणायला लागली, तेव्हा मी तिला चिडवलंसुद्धा. ती म्हणाली, "न्हाय तर लोक गावंढळ समजतात की गं." मी हसून सोडून दिलं.

गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात आम्ही एक सिनेमा पाहिला. बेताचाच होता. त्यात नायकाचा बाप दवाखान्यात मरतो आणि नायक बराच वेळ हंबरडा फोडत राहतो. कॅमेरा त्याच्यावरच. पण मागं एक नर्स आहे. ती सलाइनची सुई काढते, कापसाचा बोळा दाबून धरते, जरुरी नसताना. मग चादरीच्या चारी कडा सारख्या करते. उशाशी ठेवलेला म्हाताऱ्याचा चष्मा उचलते, डबीत घालते, डबी ड्रॉवरमध्ये ठेवते, आणि पुन्हा काढून मुलाच्या जवळ, त्याच्या हाताला लागेल अशी ठेवते. त्याच्याकडे बघत नाही. तिला एकही वाक्य नाही.

मी सिनेमा संपल्यावर उठले नाही. पडद्यावर बारीक अक्षरात नावं सरकत होती, त्यात तिचं नाव शोधलं. मैत्रिणीनं मोबाइलवर हुडकून काढलं, की ती सांगलीकडे हौशी नाटकांत काम करते. घरी येऊन मी वही उघडली. डिसेंबरची वाट बघितली नाही. लिहिलं : "या बाईच्या हातांना सगळं कळलेलं आहे आणि तोंडाला काहीच सांगायचं नाही. ज्याला रडायला वेळ मिळत नाही, त्याचं दुःख हे असं दिसतं." एवढ्या दोन वाक्यांना मला दोन संध्याकाळ लागल्या. मैत्रिणीनं वाचलं, पुन्हा एकदा वाचलं. मग म्हणाली, "अक्का, हे तुझं सगळ्यात भारी झालंय."

त्यानंतर पावसाळ्यात आमच्या संस्थेच्या अध्यक्षांच्या पुतण्याचा सिनेमा आला. गगनबावड्याला धो धो पावसात काढलेला, म्हणून त्याचं गावभर कौतुक. शाळेला सुट्टी देऊन आठवी ते दहावीच्या सगळ्या मुलींना बसनं तो बघायला नेलं. सोबत आम्ही बायका. गोष्ट अशी : एक उनाड मुलगी, एक कडक मास्तर. मास्तर भर वर्गात तिच्या कानाखाली वाजवतो, ती सुधारते आणि शेवटी त्याच्या पाया पडते. नायिका पहिल्यापासून शेवटपर्यंत किंचाळते. थेटरात मास्तरानं थप्पड मारली तेव्हा आमच्या मुलींपैकी काहीजणी हसल्या आणि काहीजणी एकदम गप्प झाल्या. गप्प झालेल्यांतल्या दोघी माझ्या वर्गातल्या होत्या. त्या का गप्प झाल्या, हे मला माहीत होतं.

परत येताना बसमध्ये मैत्रीण माझ्या कानाशी लागून म्हणाली, "ह्याला लिही, वर्षातला सगळ्यात नासका सिनेमा. आणि पोरींस्नी हे दाखवायला आम्ही घेऊन गेलो, त्याची लाज वाटली, हे बी लिही."

मी तिच्याच शब्दांत लिहिलं.

डिसेंबरच्या सुरुवातीला ती एकटीच घरी आली. चॅनेलतर्फे खरे पुरस्कार द्यायचे ठरलंय, म्हणाली. शाळेचं सभागृह मिळतंय, अध्यक्ष स्वतः उभे आहेत पाठीशी.

"वही दे की जरा. भाषा बघून घेतो, लगेच परत देतो."

"आपलीच वही आहे. ने की," मी म्हणाले. "नर्सचं काम केलेल्या बाईंना बोलावशील?"

"बघतो की. सांगली काय लांब हाय?"

तिनं वही पिशवीत घातली, चहा घेतला आणि गेली.

इथं माझ्याबद्दल एक गोष्ट सांगायला पाहिजे. मे महिन्यात मी निवृत्त होणार होते. नोकरीच्या सुरुवातीच्या तीन वर्षांची नोंद माझ्या सेवापुस्तकात नीट नव्हती. ती तीन वर्षं पेन्शनला धरायला संस्थेचं पत्र लागणार होतं, आणि ते पत्र सहीसाठी अध्यक्षांच्या टेबलावर सप्टेंबरपासून पडून होतं. मी दोनदा विचारायला गेले होते. दोन्ही वेळा त्यांनी हसून, "बाई, तुमचं काम म्हणजे आमचं घरचं काम," असं म्हणून चहा पाजून परत पाठवलं होतं.

कार्यक्रमाच्या दिवशी मी मिस्टरांना घेऊन गेले. त्यांना सिनेमाचं वेड नाही, पण जवळच्या माणसाचा कार्यक्रम म्हणून आले. दारातच अध्यक्ष भेटले. "बाई, पाहुण्यांना गुच्छ तुमच्या हस्ते. सगळ्यात ज्येष्ठ तुम्हीच." मी बरं म्हणाले. स्टेजच्या पायरीजवळ माझ्यासाठी खुर्ची ठेवली होती. मी सभागृहात सांगलीच्या बाईंना शोधत होते. त्यांचा चेहरा मला पाठ होता. त्या नव्हत्या.

मैत्रिणीनं नवी पैठणी नेसली होती. माइकवर आली आणि म्हणाली, "वर्षभर मी जे पाहते, ते माझ्या वहीत टिपून ठेवते." माझ्या वहीत. मी मिस्टरांकडे बघितलं. ते समोसा खात होते.

सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कार अध्यक्षांच्या पुतण्याला. टाळ्या झाल्या. मी गुच्छ दिला. ह्यात मला धक्का बसला असं म्हटलं तर खोटं होईल. सभागृहाचं नाव ऐकलं तेव्हाच मनात कुठंतरी कळलं होतं.

मग सर्वोत्कृष्ट अभिनेत्री. मैत्रिणीनं कागद डोळ्यांसमोर धरला आणि सावकाश, छान आवाजात वाचलं. "या अभिनेत्रीच्या हातांना सगळं कळलेलं आहे आणि तोंडाला काहीच सांगायचं नाही. ज्याला रडायला वेळ मिळत नाही, त्याचं दुःख हे असं दिसतं."

आणि पुढं त्या किंचाळणाऱ्या नायिकेचं नाव घेतलं.

माझ्या हातात पुढचा गुच्छ होता. कुणीतरी मागून हळूच ढकललं, "बाई, जावा की." मी पायऱ्या चढले. नायिका जवळून अगदी लहान दिसत होती, बावीस-तेवीसची. तिचे डोळे भरले होते. तिनं गुच्छ घेतला, माझ्या पाया पडली आणि माझा हात धरून म्हणाली, "मॅडम, माझ्या हातांकडे आजपर्यंत कुणीच बघितलं नव्हतं हो."

तिला ते खरंच वाटलं होतं. तिच्यावर मला रागावताही येईना. मी म्हणाले, "छान काम केलंस, बाळ." खाली उतरले, खुर्चीवर बसले आणि सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या. समोरच्या सोफ्यावर अध्यक्ष होते. टाळ्या वाजवताना मी त्यांच्याकडे बघत होते, त्यांचं माझ्याकडे लक्ष आहे का म्हणून.

रिक्षात मिस्टर म्हणाले, "ती नर्सची वाक्यं तुझीच होती न्हवं? मला वाचून दाखवली हुतीस."

"हो."

"मग टाळ्या कशाला एवढ्या जोरात वाजवत हुतीस?"

मी रिक्षावाल्याला पुढचं वळण सांगितलं.

सोमवारी मधल्या सुट्टीत मैत्रिणीला स्टाफरूममध्ये एकटीला गाठलं. रात्रभर मी बरंच काही ठरवलं होतं, पण तोंडातून एवढंच निघालं, "दुसरं काहीही घ्यायचं होतंस. ते का घेतलंस?"

ती डबा उघडत होती. थांबली. "अक्का, तुझं पत्र त्यांच्या टेबलावर हाय. मी ह्यात मोडता घातला असता, तर माझ्याबरोबर तुझंबी अडकलं असतं. मी दोघींचा विचार केला."

"माझा विचार मला विचारून करायचास."

"आणि वहीत ठिवून काय हुणार हुतं त्याचं?" आता तिचा आवाज चढला. "बावीस वर्षं लिहिलंस. वाचलं कुणी? आपण दोघीच की! परवा तीनशे माणसांनी ऐकलं."

"दोघी पुरत होत्या मला."

"मला न्हवत्या पुरत," ती म्हणाली.

हे ती खरं बोलली. बावीस वर्षांत मला ते दिसलं नव्हतं. घंटा झाली. तिनं न खाताच डबा बंद केला आणि वर्गावर गेली.

त्याच आठवड्यात माझं पत्र सही होऊन आलं. शिपायानं पेढे मागितले, मी दिले. वही तिनं कुणाच्या तरी हाती पाठवली. आत लाल पेननं कुठं कुठं खुणा होत्या. नासक्या सिनेमाचं पान व्यवस्थित, पट्टी लावून फाडलेलं होतं.

जानेवारीत मला एक खुळ सुचलं. निदान खऱ्या माणसापर्यंत तरी पोचावं म्हणून सांगलीच्या त्या बाईंचा नंबर मिळवला, ओळख सांगितली आणि ती दोन वाक्यं त्यांना पाठवली. लिहिलं, तुमच्या कामाला माझ्या वहीत गेल्या वर्षीचा पहिला पुरस्कार आहे. दोन दिवसांनी उत्तर आलं. "नमस्कार. हीच वाक्यं कोल्हापूरच्या एका कार्यक्रमाच्या व्हिडिओत दुसऱ्या अभिनेत्रीसाठी वाचलेली ऐकली. त्यात गुच्छ देताना आपणच दिसता. आपण सगळ्यांनाच हे पाठवता का? असो. धन्यवाद."

मी उत्तर लिहायला बसले. खरं काय घडलं ते लिहायचं, तर मी टाळ्या का वाजवल्या तेही लिहावं लागत होतं. तीनदा लिहिलं, तीनदा पुसलं. मग नुसते दोन हात जोडलेले पाठवले. त्यांचं पुढं काही आलं नाही.

मेमध्ये निरोप समारंभ झाला. मैत्रिणीनं माझ्यावर भाषण केलं. चांगलं केलं. शेवटी तिला हुंदका आला, आणि तो खोटा नव्हता, एवढं मी सिनेमे बघून ओळखते.

निवृत्तीनंतर चार शनिवार मी एकटी सिनेमाला गेले. मध्यंतरात लाह्यांचा पुडा घेऊन उभी राहायचे आणि बोलायला कुणी नसायचं. जूनमध्ये तिचा फोन आला. "अक्का, येतीस का शनिवारी?" नाही म्हणायचं ठरवलेलं होतं. हो म्हणाले.

सिनेमा वाईट नव्हता. एक म्हातारा शिंपी होता त्यात, त्याच्या सुई ओवण्यावर आम्ही पूर्वी अर्धा तास बोललो असतो. मध्यंतरात ती तिच्या मुलीच्या स्थळाबद्दल बोलली, मी माझ्या गुडघ्याबद्दल. बाहेर आल्यावर तिनं विचारलं, "कसा वाटला?"

"बरा."

"एवढंच?"

"एवढंच."

तिनं पर्समधून मोबाइल काढला, केस सारखे केले आणि उजेड बघून भिंतीला पाठ करून उभी राहिली. शिंप्याबद्दल ती काय बोलतेय ते ऐकायला मी थांबले नाही. स्कूटीवर मागं बसायचं नव्हतंच. कोपऱ्यावर जाऊन रिक्षा केली.