शनिवारचं डाळीचं पीठ

शेजारची आंटी आज सकाळी कोविडने गेली, आणि मी सहा आठवडे तिच्याशी बोलत नव्हते.

फुगून बसले होते. चूक माझी असून.

तिचं नाव लिहीत नाही, फोटोही टाकत नाही. आंटी ॲबोरिजिनल, म्हणजे इथल्या, ऑस्ट्रेलियाच्या मूळच्या लोकांपैकी. गेलेल्या माणसाचं नाव काही दिवस घ्यायचं नसतं, असं तिच्या लेकीने सांगितलंय. "आंटी" मात्र त्यांच्यातही मानाने म्हणतात. त्यामुळे वॉलॉंगॉंगला राहायला आल्यापासून आमचं छान जमलं होतं.

तर झालं असं.

लॉकडाऊन. ऑनलाइन शाळा. क्लास संपला की आठ वर्षांची रिया बॅकयार्डात, भर उन्हात.

वसईहून आई दर रविवारी व्हिडिओ कॉलवर: "पोर किती काळवंडली गं. डाळीचं पीठ आणि साय लाव. तुलाही मी लावायचे."

मग दर शनिवारी मी रियाला मागच्या पायरीवर बसवून घासायचे.

"मम, इट हर्ट्स."

"गप गं, दोन मिनिटं."

एकदा कुंपणापलीकडे आंटी कपडे वाळत घालत होती. तिने विचारलं, "हे कशासाठी, लव्ह?"

मी अगदी हौसेने सांगितलं, रंग उजळतो म्हणून.

तिने हातातला कपडा परत बादलीत टाकला.

"आम्हालाही शनिवारीच घासायचे," मग म्हणाली. "पाच वर्षांची होते. सरकारी गाडी आली, आईपासून उचलून मुलांच्या होममध्ये नेलं. आमची पोरं तेव्हा अशीच न्यायचे, गोऱ्यांसारखी वाढवायला. तिथल्या मेट्रनला वाटायचं, ब्रशने घासलं की हे निघेल."

मग रियाला विचारलं, "निघालं का, बब?"

रियाने हात उलटसुलट करून बघितला. "नो."

"माझंही नाही निघालं," म्हणाली आणि आत गेली.

खरं सांगते, मला रागच आला. कुठे ती मेट्रन आणि कुठे माझी आई? आई तर मायेने सांगते. मी बॅकयार्डात जायचंच सोडलं. पीठ मात्र हट्टाने आणखी काही शनिवार लावलं.

(आई, तू हे वाचशीलच. चिडू नकोस, रविवारी बोलू.)

मग टीचरचा ईमेल आला. रिया क्लासमध्ये कॅमेरा बंद ठेवते.

विचारलं तर खाली बघून म्हणाली, "आय लुक डर्टी, मम."

पिठाचा डबा कचऱ्यात ओतला. तशीच आंटीच्या दारात गेले. लेक आतूनच बोलली, दार न उघडता. आंटीला आदल्या दिवशी हॉस्पिटलमध्ये नेलं होतं. कोणालाच भेटू देत नव्हते.

लेकीच्या फोनवर व्हॉइस मेसेज पाठवला. "आंटी, चुकले मी. पीठ बंद केलंय."

त्यानंतर नऊ दिवस फोन हातातून सुटला नाही. तिने ऐकला की नाही, कळेना. विचारायचीही भीती वाटायची. नाही ऐकला म्हणाली तर?

आज लेक कुंपणापाशी आली. आंटी गेल्याचं सांगितलं. मेसेज तिने आंटीला फोनवरून ऐकवला होता.

आणि आंटीने रियासाठी निरोप ठेवलाय.

"बबला सांग, तिच्या अंगावर धुऊन काढण्यासारखं काही नाही. कधीच नव्हतं."

रियाला मी तो तसाच सांगितला. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "अँड हू टोल्ड आंटी? व्हेन शी वॉज फाइव्ह?"

मग मी हे लिहायला बसले.

आंटी, माझ्या लेकीला हे तू सांगितलंस. सांगायला मी हवी होते.

मनापासून श्रद्धांजली. आणि माफ कर.