पाणी पिऊन गेलेला गुत्तेदार

घर बांधताना फसलेल्या माणसाला लोक एकच गोष्ट विचारतात, कागद केला होता का. मलाही विचारलं. कचेरीतले मुख्य कारकून तर चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "अहो, बी.ए. झालेले तुम्ही. गुत्तेदाराकडून साधा स्टँपपेपर करून घेतला नाही?" त्यांच्या घरात तीन पिढ्यांची सरकारी नोकरी आणि वकिली. मी मान खाली घालून फाइल उघडली. त्या दिवशी द्यायचं राहिलेलं उत्तर हे आहे.

हैदराबाद राज्य तीन भाषांत वाटलं जाणार असं पक्कं झालं होतं, ते हे दिवस. मराठवाडा मुंबईकडे जाणार, कानडी जिल्हे म्हैसूरकडे, आणि हैदराबाद शहर तेलंग्यांबरोबर आंध्रात. कचेरीत रोज नवी यादी यायची, कोण इथे राहणार आणि कोणाला औरंगाबादला पाठवणार. मला इथेच राहायचं होतं. मी मराठवाड्यातल्या एका लहान गावच्या उर्दू शाळेत शिकलो. तिथल्या हेडमास्तरांनी माझा फॉर्म स्वतःच्या हातानं भरला म्हणून मी या शहरात आलो, इथल्या वसतिगृहात जेवलो आणि आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर झालो. या शहराचं माझ्यावर ऋण आहे असं मी तेव्हाही मानत होतो आणि आजही मानतो. विद्यानगरच्या पुढे, विद्यापीठाच्या बाजूला, एका सोसायटीत मी हप्त्यांनी जागा घेतली होती.

आई आणि मी गौलीगुड्यात एका खोलीत राहायचो. वाड्यात नळ एकच होता. आमची पाळी सगळ्यांच्या शेवटी, आणि आमच्या बादल्या भरून झाल्या की घरमालकीण राख घेऊन नळाची तोटी घासायची. आम्ही महार. बौद्ध झालो ते पुढे. मालकांनी सांगून ठेवलं होतं, डिसेंबर संपायच्या आत खोली खाली करा. कारण विचारलं तर म्हणाले, "कारण काय विचारता, तुम्ही शिकलेले आहात." त्यामुळे डिसेंबरच्या आत डोक्यावर छत येणं एवढंच आम्हाला बघायचं होतं. पदवी हातात असूनसुद्धा या शहरात दुसरी खोली शोधायला किती उंबरे झिजवावे लागतील, ते मला ठाऊक होतं.

गुत्तेदार, म्हणजे बांधकामाचा कंत्राटदार, गुलबर्ग्याकडचा. मराठी, कानडी, तेलुगू, दखनी, सगळं बोलणारा. डोक्यावर काळी टोपी, पायांत करकर वाजणारे जोडे. कचेरीच्या गच्चीची दुरुस्ती त्यानं केली, तिथे ओळख झाली. पहिल्यांदा खोलीवर आला तेव्हा आईनं रिवाजाप्रमाणे मला कोपऱ्यावरच्या हॉटेलातून चहा आणायला पिटाळलं. बाहेरचं कोणी आलं की आम्ही हेच करायचो. हॉटेलचा चहा घेताना पाहुण्याला अडचण होत नाही.

त्यानं मला दारात अडवलं. "हॉटेलचा चहा कशाला, माय? तुमच्या माठातलं पाणी द्या."

आईनं तांब्या घासला, पुन्हा घासला, आणि पाणी दिलं. तो गटागटा प्यायला आणि म्हणाला, "अजून द्या. गोड आहे पाणी."

तो गेल्यावर आई कितीतरी वेळ तो तांब्या पदरानं पुसत बसली होती.

मी अगदीच भोळा नव्हतो. हेडमास्तरांनी पत्रानं बजावलं होतं, पाया पाहून पायाचे पैसे दे, भिंत पाहून भिंतीचे. मी चांगल्या अक्षरात उर्दूतून करारनामा लिहिला होता. पाया झाला, पायाचे दिले. भिंती उठल्या, भिंतींचे दिले. इथवर सगळं हेडमास्तरांच्या सांगण्याप्रमाणे. करारावर सही मात्र राहिली होती. दर वेळी तो म्हणायचा, "पुढच्या खेपेला." मग राहिलं छत.

आमच्याकडे छत म्हणजे लोखंडी गर्डर आणि त्यांवर शहाबादी फरश्या. एका संध्याकाळी तो खोलीत बसून म्हणाला, "साब, शहाबाद म्हैसूरकडे चाललं. सरहद्द पडली की फरशीवर जकातीचा नाका बसणार. दगड आज घेतला तर तुमचा. छताचे सगळे पैसे आत्ता द्या, मी माल आणून प्लॉटवर टाकतो."

नकाशा पाहिला तर त्याचं खरं होतं. शहाबाद खरंच म्हैसूरकडे चाललं होतं. मी खिशातला करारनामा काढला आणि म्हणालो, "आधी यावर सही करा, मग देतो."

तो माझ्याशी बोललाच नाही. आईकडे वळला. "माय, तुमच्या घरचं पाणी प्यालो मी. तुमच्या लेकाला कागद पाहिजे."

आई मला म्हणाली, "ठेव बाबा तो कागद. आपलं पाणी पेलेला माणूस दगा देत नसतो."

आईचे चांदीचे गोठ आणि कडी सराफाकडे गेली. करारनामा माझ्या खिशात राहिला.

फरश्या आल्या. काळ्या-निळ्या, सरळ कापलेल्या, प्लॉटच्या एका कडेला उभ्या रचलेल्या. आई दर रविवारी माझ्याबरोबर यायची आणि त्यांवरून हात फिरवायची. गर्डर येतायत, गर्डर येतायत असं तो सांगत राहिला. नोव्हेंबर लागला, राज्यं वेगळी झाली, कचेरीतली निम्मी मराठी माणसं ट्रंका बांधून गेली. त्याच आठवड्यात गुत्तेदारही दिसेनासा झाला.

पुढच्या रविवारी आम्ही पोचलो तर प्लॉटवर दोन बैलगाड्या उभ्या. दगडाचा व्यापारी आपल्या माणसांकडून फरश्या चढवत होता. मी म्हणालो, "या आमच्या आहेत. पैसे दिलेत."

"किसकू दिये?" व्यापारी म्हणाला. "मेरे कू एक पैसा नई मिला. बोला, आठ रोज में देता. दो महिने हो गये."

आई चालत गेली आणि उरलेल्या फरश्यांवर बसली.

"अम्मा, उठो."

"नई उठती," आई म्हणाली. तिची दखनी तेवढीच होती. पुढचं मराठीत. "माझ्या हातातले गोठ या दगडात गेलेत. मला उचलून गाडीत टाक, मंग दगड ने."

गाडीवाले हसले. व्यापारी हसला नाही. तो तिच्यासमोर उकिडवा बसला, टोपी काढली आणि गुडघ्यावर ठेवली. "अम्मा, तुम्हारे कंगन उने खा गया. मेरे पत्थर भी खा गया तो मैं बच्चों को क्या खिलाऊँ?"

ते सगळं तिला कळलं की नाही, मला माहीत नाही. ती उठली, लुगडं झटकलं, आणि मला म्हणाली, "नेऊ दे. त्यालाबी लुटलंय." गाड्या गेल्या. नुसत्या चार भिंती उरल्या आणि त्यांच्या वर उघडं आभाळ.

चौकीत जमादारानं माझं ऐकून घेतलं. गुत्तेदाराचं गाव विचारलं आणि पेन खाली ठेवलं. "वो तो अब दूसरी रियासत में है."

"महिन्यापूर्वी याच राज्यात होता. पैसे त्यानं याच शहरात घेतले."

"महिने पहले आना था."

जणू सरहद्द मी आखली होती. मोठमोठ्या माणसांनी भाषेच्या नावानं रेघ ओढली, आणि त्या रेघेचा पहिला फायदा कोणाला झाला, तर तिच्यापलीकडे घर असलेल्या एका चोराला. मी तीन अर्ज केले. एकाचंही उत्तर आलं नाही.

पण माझा खरा संताप वेगळाच आहे. तो पुढच्या वर्षी सुरू झाला आणि अजून शमलेला नाही. आमच्यातल्याच आणखी दोन घरांना त्यानं असंच बुडवल्याचं कळलं. दोन्ही घरी त्यानं हॉटेलचा चहा नाकारून माठातलं पाणी मागितलं होतं. आणि मुख्य कारकुनांच्या मेहुण्यांचं घरही त्यानंच बांधलं होतं. तिथे स्टँपपेपरवर सही केली, दोन साक्षीदार दिले, सामानाच्या पावत्या दिल्या, आणि घर ठरल्या दिवशी पुरं करून दिलं. म्हणजे त्याला नीट काम करता येत होतं, सहीही करता येत होती. तिथे त्यानं पाणी मागितलं नव्हतं. तिथे पाण्याला भाव नव्हता.

माणसाला माणसासारखं वागवणं ही फुकट मिळायची गोष्ट. ती आम्हाला इतकी दुर्मिळ करून ठेवली होती की कोणी ती देऊ केली तर आम्ही घर गहाण टाकायला तयार. ज्यांनी ती दुर्मिळ केली, त्यांनीच मला विचारावं, कागद का केला नाही? नळाची तोटी राखेनं घासणाऱ्या बाईनं, आम्ही निघालो तेव्हा, मान हलवून म्हटलं, "जरा चौकशी करायची होती." करारनामा तर मी लिहिलाच होता. तो खिशात का राहिला, हे त्यांच्यापैकी कोणालाही कधी कळायचं नाही.

डिसेंबरअखेर आम्ही त्या भिंतींवर पत्रे टाकून राहायला गेलो. वारा सुटला की पत्रे वाजायचे आणि आई म्हणायची, "वाजू दे, आपलेच हायेत." पुढचं दीड वर्ष पगारातून थोडं थोडं मागे टाकलं. या खेपेला सामान मीच घेतलं. गर्डरच्या आणि फरशीच्या दुकानदाराला पैसे माझ्या हातानं दिले, पावती माझ्या नावाची. बेगम बाजारातून कड्या-बिजागऱ्याही मीच आणल्या. मिस्त्रीला फक्त मजुरीचे पैसे, तेही झालेलं काम पाहून. शेवटचा हप्ता छतावरून एक पावसाळा गेल्यावर. यात शहाणपण माझं काहीच नाही, हेडमास्तरांच्या पत्रात होतं तेच सगळं.

नवा मिस्त्री म्हातारा तेलुगू माणूस होता. ऐन उन्हात आला, पत्र्याखाली बसला आणि टॉवेलनं मान पुसत म्हणाला, "अम्मा, मंची नीळ्ळु." पिण्याचं पाणी मागत होता.

मी आईकडे पाहिलं. आई उठली. एका हातात तांब्या आणला, दुसऱ्या हातात मी लिहून ठेवलेला नवा करारनामा, आणि दोन्ही त्याच्यापुढे ठेवलं.

त्यानं एकदा तांब्याकडे आणि एकदा कागदाकडे पाहिलं. "पहले कौन सा, अम्मा?"

"पाणी पे की आधी," आई म्हणाली. "पाण्याला कोण अडवतं? सही काय त्याच्या बदल्यात नाही मागत."

मी ते त्याला दखनीत सांगितलं. तो हसला, पाणी प्यायला, कागद माझ्याकडून वाचून घेतला, शेवटच्या हप्त्यावरून थोडी घासाघीस केली आणि तेलुगूत सही केली. आईनं तांब्या उचलून माठावर पालथा घातला. पुसत बसली नाही. मग माझ्याजवळ येऊन उभी राहिली. वाचता तिला कधीच आलं नाही, पण सहीची शाई वाळेपर्यंत ती त्या कागदाकडे बघत होती.