काळ्या मेंढीचा कान

घोंगडी उन्हात टाकली की अजून लोकरीचा उग्र वास सुटतो आणि मला जतचा माळ आठवतो. इंग्रज गेले नव्हते तेव्हाची गोष्ट. दुष्काळात आम्ही नवराबायको मेंढरं घेऊन कृष्णाकाठी जगायला गेलो होतो. पाऊस झाल्यावर पायी परत निघालो. वाटेत गुरांची हाडं पडलेली, त्यांतूनच हिरवं गवत वर आलेलं. अनोळखी माणसाचा भरवसा मात्र कुणालाच उरला नव्हता.

एका वस्तीवर एक बाई आमच्या कळपात शिरली आणि एकेका मेंढीचा कान चाचपू लागली. ही चोरणार, म्हणून मी काठी घट्ट धरली. काळ्या मेंढीपाशी ती थांबली. ती मेंढी हे कृष्णाकाठी कुठूनशी घेऊन आले होते. कान कापायची खूण घरागणिक वेगळी असते.

"ही आमची खूण हाय. आमचं मालक कळप घिऊन गेलं, ते आजून आलं न्हाईत. ही कुठं घावली, दादा?"

"मिरजंच्या बाजारात इकत घेतली," हे म्हणाले.

बाईनं माझ्याकडं बघितलं. मी ह्यांच्याकडं बघत होते. आम्ही मिरजेला गेलोच नव्हतो.

तोवर मी त्या बाईवर नजर ठेवून होते. पुढं जन्मभर ह्यांच्यावर ठेवली.