लवंग जरा जास्त

निवृत्तीबरोबर माझी सगळी पदं गेली. ऑफिसातलं टेबल गेलं, सोसायटीच्या कमिटीतून मला हार घालून घालवण्यात आलं, आणि घरातला निर्णयाधिकार माझ्याकडे कधी होता हे घरात कुणाला आठवतही नाही. एक पद मात्र शाबूत होतं. वर्षाच्या काळ्या मसाल्याची चव मी बघायचो.

हसू नका. उन्हाळा तापला की आमच्या गच्चीवर मिरच्या पडतात, नामपूरहून सासूबाई वाळवलेल्या कांद्याची पिशवी पाठवतात, गरम मसाला रविवार कारंजाच्या बाजारातून येतो. मग पंचवटीतल्या कांडपावर सगळं न्यायच्या आधी बायको थोडासा मसाला भाजून मिक्सरवर काढते आणि त्याचा वाटीभर रस्सा करते. तो रस्सा मी चाखायचा. मी ‘हो’ म्हटलं की त्याच मापाने सगळा मसाला भाजायचा, कांडायचा, आणि वर्षभर तोच खायचा. शिवाय एक डबा नामपूरला, एक माझ्या बहिणीला. म्हणजे माझ्या एका होकारावर तीन घरांची जेवणं.

हा मान मला आईने दिला. भाजणारीच्या नाकातोंडात धूर गेलेला असतो, तिने चाखायचं नाही, असा तिचा नियम. लहानपणी एकदा मी रस्सा चाखून म्हणालो, “आई, धने करपलेत,” आणि ते खरंच करपले होते. तेव्हापासून मी घराची जीभ. बायकोने सासूचे बरेच नियम हळूहळू मोडीत काढले, पण हा ठेवला. माझ्यावर तिचा असलेला हा बहुधा शेवटचा विश्वास.

मग निवृत्तीनंतर माझ्या ताटाशेजारी एक तरुण मुलगा येऊन बसला. म्हणजे मोबाईलमध्ये. गावोगाव हिंडून जेवायचं आणि ते आपल्याला दाखवायचं, एवढाच त्याचा उद्योग. घास घ्यायच्या आधी तो डोळे मिटतो, घास घेतल्यावर मान हलवतो, आणि मग असा काही ‘अहाहा’ म्हणतो की आपल्यालाच पोटभर झाल्यासारखं वाटतं. समोर दुधीची भाजी असली तरी त्याचा ‘अहाहा’ ऐकत ऐकत ती सहज खाली उतरायची. मला हे फार सोयीचं वाटलं. पोळी संपली की बायको दुसरी वाढायची, ती संपली की तिसरी, आणि मी त्याच्याबरोबर तिसऱ्या ढाब्यावर पोचलेलो असायचो.

मुलगीही जेवताना मोबाईल बघायची, पण तिला मी रागवायचो. जेवताना नाही, कारण जेवताना मला वेळ नसायचा.

पुढे पोटात जळजळ सुरू झाली आणि मान धरली. बायको मला डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी विचारलं, “काल रात्री काय जेवलात?”

मी बायकोकडे बघितलं.

“माझ्याकडे काय बघता? जेवलात तुम्ही.”

मला काही म्हणता काही आठवेना. काल सोलापूरकडे कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि घट्ट दही होतं, हे लख्ख आठवत होतं. पण ते त्याने खाल्लं होतं. मला अ‍ॅसिडिटी झाली होती ती मी खाल्लेल्याची.

डॉक्टर म्हणाले, “जेवताना मोबाईल बंद करा. किती आत गेलं हे पोटाला कळू दे. मानेचंही तेच. किती वेळ खाली घालून बसता?”

“डॉक्टर,” बायको म्हणाली, “आमच्या लग्नातसुद्धा यांनी एवढी मान खाली घातली नव्हती.”

डॉक्टरांचा सल्ला मी निम्मा पाळला. घरी आल्यावर मोबाईल पाण्याच्या जगाला टेकवून उभा केला. मान सरळ झाली. पोटाचं नंतर बघू म्हटलं.

तर अशा अवस्थेत यंदाचा मसाला आला.

त्या दिवशी बायको सकाळपासून गॅसपाशी उभी होती. दारंखिडक्या उघड्या, तरी जिन्यात येणारा-जाणारा प्रत्येक जण ठसकत होता. दुपारी तिने रश्शाची वाटी आणि भाकरी माझ्यासमोर ठेवली. डोळे लालभडक, नाक बंद, आवाज बसलेला.

“हे बघा, यंदाची लवंग नवीन आहे. जाड आहे, तेलकट आहे. मी माप नेहमीचंच घेतलंय. कमी करायला हवी का, ते नीट चाखून सांगा. मला कसलाच वास येत नाहीये.”

“हूं,” मी म्हणालो. जगाला टेकून तो मुलगा कुठल्याशा बंदरावर तळलेला मासा उचलत होता. त्याने डोळे मिटले. मीही मिटले. त्याने मान हलवली, मीही हलवली. डोळे उघडले तेव्हा वाटी रिकामी होती. मी बायकोला अंगठा दाखवला. हल्ली मी कुणाशीही असंच बोलतो.

“नक्की?” तिने विचारलं.

मी दुसऱ्या हाताचाही अंगठा वर केला.

मसाला कांडून आला, बरणीत भरला, डबे पोचते झाले. रविवारी बायकोने त्या मसाल्याची पहिली शेवभाजी केली. मुलीने एक घास घेतला आणि तिचा मोबाईल खाली ठेवला. आमच्या घरात ही मोठी गोष्ट.

“आई, माझी जीभ झोपली.”

“म्हणजे?”

“म्हणजे दाढ काढताना झोपवतात ना, तशी.” मग माझ्याकडे वळून, “बाबा, तुझी ती दाढ दुखते ना? तिच्याखाली शेव धरून बस.”

बायकोचं नाक एव्हाना मोकळं झालं होतं. तिने रश्शात भाकरीचा तुकडा बुडवला, तोंडात घातला, आणि बराच वेळ चावत राहिली.

“अहो, तुम्ही हे चाखलं होतं ना?”

“हो तर.”

“कसं लागलं होतं?”

“म्हणजे... छान.”

“लवंग?”

“होती ना,” मी म्हणालो. हे कोणत्याही कोर्टात टिकलं असतं.

संध्याकाळी नामपूरहून सासूबाईंचा फोन आला. त्यांच्या अहिराणीत नमस्कार-चमत्काराला जागा नसते. “जवाईबापू, हाऊ मसाला शे का दातनं औषध शे? तुमनी जीभ कथा गयी?” जीभ कुठे गेली, हा प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, नेटवर्क नीट नाही. बहिणीचा फोन आला तो मी उचललाच नाही.

तरीही मी माघार घेतली नाही. दोष लवंगेचा, हा माझा मुद्दा. लवंगच जास्त तिखट निघाली तर चांगल्यातली चांगली जीभ काय करणार? लवंग आधी जिभेलाच झोपवते, मग साक्ष कुणाची घेणार? बायको माझं सगळं बोलणं शांतपणे ऐकून घेत होती. मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

दोन दिवसांनी रात्री गवारीची भाजी होती. तो मुलगा कुठेतरी जिलेबी तळताना बघत होता. मी भाजी खाल्ली, पुन्हा मागून घेतली, आणि ताट उचलायला लागलो तशी मुलगी फिसकन हसली.

“काय झालं?”

“बाबा, भाजीत मीठ नव्हतं.”

मी ताटाकडे बघितलं. ताट काही सांगायला तयार नव्हतं.

“आईने मुद्दाम घातलं नव्हतं. तू दोनदा घेतलीस.”

बायको ओट्याशी पाठमोरी उभी होती. ती रागवेल असं मला वाटलं. रागवली असती तर सोपं होतं, तीस वर्षांत तिच्या टोमण्याला टोमणा द्यायला मी चांगला शिकलोय. पण ती नुसतं म्हणाली, “मग एवढे दिवस मी घालत होते ते कुणासाठी?”

मोबाईलमध्ये जिलेबी अजून तळली जात होती.

दुसऱ्या दिवशी तिने निकाल सांगितला. तेवढाच मसाला पुन्हा करायचा, त्यात लवंग घालायचीच नाही, आणि आधीच्या मसाल्यात तो मिसळायचा. आधी दोन्हींचा थोडा थोडा मिसळून रस्सा करून बघायचा. चाखणार मुलगी.

“मी?” मुलगी ओरडली. “आई, मला जिरं आणि ओवा वेगळे ओळखू येत नाहीत.”

“मग शिकशील.”

“मी चाखतो,” मी म्हणालो.

“तुम्ही आणि कोण? तो?” तिने जगाकडे बोट दाखवलं.

मी गयावया केली. शेवटी एक अट ठरली. मसाला होईपर्यंत जेवणाच्या वेळी मोबाईल चिनी मातीच्या रिकाम्या बरणीत ठेवायचा आणि झाकण लावायचं. मुलीचाही.

“मी काय केलं?”

“तू यांची मुलगी आहेस.”

पहिल्या जेवणाला माझा हात आपणहून जगाकडे गेला आणि तिथे नुसतं पाणी होतं. दुसऱ्या वेळी मी भाकरीवर बोट सरकवताना पकडलो गेलो. “पुढची भाकरी येत नाही तशी,” मुलगी म्हणाली. तिचीही अवस्था काही बरी नव्हती, बरणीतून आवाज आला की दचकायची. टेबलावर इतकी शांतता होती की मला माझं चावणं ऐकू यायला लागलं, आणि ते ऐकण्यासारखं नाही.

पण शांतता किती वेळ टिकणार? आम्हाला बोलावंच लागलं. मुलीला ऑफिसात दुसऱ्या कामावर जाऊन बरेच महिने झालेत, हे मला कळलं. “मी सांगितलं होतं बाबा, तू अंगठा दाखवला होतास.” बायको कारल्यात गूळ घालते हे कळलं. तिच्या माहेरी घालत नाहीत, मला कडू चालत नाही म्हणून लग्नापासून घालते. आणि दोन पोळ्यांत माझं पोट भरतं, ही बातमी तर मला पूर्ण नवी होती. जळजळ कधी थांबली ते कळलंच नाही. डॉक्टरांना मात्र मी हे सांगितलेलं नाही, उगाच त्यांचं फावेल.

मग पुन्हा एकदा गच्चीवर मिरच्या, घरभर धूर, जिन्यात ठसका. दुपारी वाटी माझ्यासमोर आली. मोबाईल बरणीत. समोर दोघी मायलेकी उभ्या. एवढ्या बायकांसमोर मी फक्त कांदेपोह्यांच्या दिवशी बसलो होतो.

मी घास घेतला. चांगला होता. कांदा आला, खोबरं आलं, मिरची आली. बायको भिंतीला टेकली होती, मिरच्यांनी हाताची आग होत होती म्हणून बोटं ताकात बुडवून उभी होती. ‘छान’ म्हटलं की तिची सुटका होती. मुलगी तिच्या मागून डोळ्यांनी खुणावत होती, हो म्हण, हो म्हण. मी दुसरा घास घेतला. गिळल्यावर घशाशी काहीतरी मागे राहिलं. तिसरा घेतला. पुन्हा तेच.

“काय?” बायकोने विचारलं.

दोन्ही अंगठे वर यायला बघत होते. मी हात टेबलाखाली नेले.

“लवंग अजून जरा जास्त आहे,” मी म्हणालो.

मुलीने कपाळावर हात मारला. “अजून एकदा भाजायचं?”

“नक्की?” बायकोचा तोच जुना प्रश्न.

“नक्की. आधी कळत नाही. मागून येते.”

बायकोने ताकातून बोटं काढली, पदराला पुसली. “तुमच्या आई अस्संच म्हणायच्या,” ती म्हणाली. “मागून येते.” आणि पुन्हा गॅस पेटवायला गेली. थकली होती, पण भांडी आपटली नाहीत. आमच्या घरात याला आनंद म्हणतात.

कांडपावर मात्र तिने मलाच धाडलं. “मोबाईल इथेच राहू दे,” ती म्हणाली. स्कूटरवर पुढे पिशवी ठेवून मी पंचवटीत गेलो आणि रांगेत बायकांच्या मधोमध बसलो. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि हातात काहीच नाही. शेजारची खेड्याकडची बाई बराच वेळ माझ्याकडे बघत होती. शेवटी म्हणाली, “काका, तोंडाला रुमाल बांधा. मसाला हाय तो, तोंडाला लावायची पावडर नाय.” सगळ्या हसल्या. शिंकांच्या मधून मीही हसलो.

घरी आलो तेव्हा मला ना वास येत होता, ना चव. बायकोने कांडून आलेला गरम मसाला जुन्यात मिसळला, चिमूटभर हुंगला आणि रस्सा केला.

“आता तुम्ही बाद,” ती म्हणाली. “धुरातल्याने चाखायचं नाही.”

तिचं भाजणं आदल्या दिवशी आटपलं होतं, नाक मोकळं होतं. म्हणजे चाखणार ती. मी खुर्ची ओढली, तिला बसवलं, वाटी ठेवली, भाकरी वाढली. मोबाईलची बरणी कुठे होती मला आठवत नाही. तिने तुकडा बुडवला, तोंडात घातला आणि डोळे मिटले. मी समोर उभा राहून बघत होतो. कपाळावर एक आठी आली, ती गेली. जबडा थांबला, पुन्हा हलला.

तिने एक डोळा उघडला.

“असं काय बघताय? माझ्या तोंडावर काय व्हिडिओ लागलाय का?”

“ते राहू दे,” मी म्हटलं. “लवंग?”

तो डोळा पुन्हा मिटला. तिने दुसरा घास घेतला.