त्याची माय पाहा

आमच्या मामेसासऱ्यांसारखा संतापी माणूस अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात सापडायचा नाही, आणि त्यांचा सगळा संताप बकऱ्यांच्या बाळंतपणावर आहे. माणसं सरकारवर चिडतात, भावकीवर चिडतात. हे गृहस्थ बकरीला एकच पिल्लू झालं की चिडतात. बकरीवर नाही, तिच्या मालकावर. कळंबच्या बाजारात कुणी पैदाशीसाठी दांडगा बोकड घेतला, की हे ओळखदेख नसताना त्याची दोरी धरतात. "याची माय पाह्यली का?" तो बिचारा गोंधळतो. "मायले काय करू जी? बोकड पाहा ना कसा हाये!" झालं, भडका उडतो. "अंग काय पाह्यतं? एकटा जन्मला, मायचं सारं दूध एकट्यानं ढोसलं, म्हून फुगला! याच्या पोरीही एकेकच देतीन. मंग ये रडत माह्याकडं!"

ते सांगतात ते खरं आहे, म्हणून मलाही राग येतो. जुळी-तिळी होण्याचा गुण रक्तातून येतो, आणि बोकड तो आपल्या आईकडून घेऊन लेकींना देतो. पण आमचं गाव मोठ्या बोकडाच्या प्रेमात. जुळ्यातले बारके आधी कापायचे, एकटा वाढलेला दांडगा पैदाशीला ठेवायचा, आणि मग "आमच्या बकऱ्याच खराब" म्हणत कपाळ बडवायचं. या मूर्खपणाला तोड नाही. अर्थात मामेसासऱ्यांनाही तोड नाही. माझ्या लग्नात अक्षता पडतात न पडतात तोच त्यांनी माझ्या आईला विचारलं होतं, "बाई, तुमच्या माहेरी जुळे झाले का कोणाले?" आईनं तेव्हापासून त्यांचं नाव टाकलं आहे.

त्यांचा स्वतःचा एक बोकड होता. तिळ्यातला, बरगड्या दिसणारा. त्याची आई आणि आजी दोघीही तिळी देणाऱ्या. पण त्याच्याकडे बकरी आणायला लोक लाजत. एकानं आणली, तिला एकच पिल्लू झालं, तर तो भांडायला आला. हे त्याच्या वरताण ओरडले, "अरे, आता झालं ते तुह्या बकरीचं! माह्या बोकडाचा गुण तिची पोर व्याली म्हंजे दिसन. थांब ना जरा!" थांबायला कुणाला वेळ आहे? त्यांचा धाकटा भाऊ तेवढा दादाच्या भीतीनं आपली बकरी आणायचा.

त्याच भावानं घात केला. त्याच्या नातवाचं जावळ होतं, देवीला बोकड द्यायचा होता. मामेसासरे सोयरिकीच्या कामानं फुलसावंगीला निघाले होते. अंगणात दोन बोकड: एक हा बारका, दुसरा कापण्यासाठीच पोसलेला दांडगा. "दोनातला एक घेऊन जा," एवढंच ते म्हणाले. कोणता, हे सांगायची गरज त्यांना वाटली नाही. जन्मभर दुसरं काय ओरडत होते? भावानं मायेपोटी दादाचा देखणा बोकड राखला आणि बारका कापला.

हे परतले ते थेट पंगतीत माझ्या शेजारी बसले. भाऊ वाढायला आला आणि कौतुकानं म्हणाला, "दादा, तुहा चांगला बोकड वाचवला बरं मी." यांनी हातातला घास खाली ठेवला. मला वाटलं, आता मांडव पेटतो. पण हे उठले, हात धुतले आणि घरी गेले. पुढं भावाशी बोलणं बंद. बाजारात दांडगा बोकड दिसला तरी मान वळवून निघून जायचे. मला भावाची चीड आली, गावाची आली, यांचीही आली. एवढं ओरडून घरच्या माणसालाही कळू नये?

मागच्या हिवाळ्यात मी त्यांच्या ओसरीवर बसलो होतो. भाऊ आला. काखेत बोकडाचं एक पिल्लू, बारकं, बरगड्या दिसणारं. त्यानं ते रिकाम्या खुंट्याला बांधलं आणि भिंतीकडे बघत म्हणाला, "तिळ्यातलं हाये. याची माय तुह्याच बोकडाची पोर."

मामेसासऱ्यांनी उठून त्या पिल्लाच्या बरगड्या चाचपल्या. मग एकदम कडाडले, "दावं एवढं आखूड बांधते का कोणी, गाढवा? फास लागन ना त्याले!"

भाऊ खाली बसला आणि दावं सैल करता करता रडू लागला. वरून शिव्या चालूच होत्या. इतक्या दिवसांनी त्या कानावर पडल्या, तर मलाही भरून आलं.